रात्रीच्या बातम्यांऐवजी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, पुन्हा उशिरापर्यंत मोबाइलवर युद्धाच्या बातम्या बघत बसली होतीस. काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, दिवसच तसे आहेत. पण ऐकायचं कुणाचं, हे तरी आपल्या हातात आहे.

मे २०२५ मधली ती रात्र आठव. टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आल्या, मागे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजत होते. तसं काही घडलंच नव्हतं. शेवटी सरकारनेच वाहिन्यांना बजावलं, कार्यक्रमांत हे भोंगे वापरू नका. सारखे ऐकून लोक खऱ्या भोंग्याकडेही दुर्लक्ष करतील.

मी तेव्हा आकाशवाणी लावायचे. तिथे कुणी ओरडत नाही. पण ती सरकारी, हेही विसरू नकोस. आणीबाणीत तिच्यावर सरकारला नको ते येतच नसे, म्हणून तुझे आजोबा दार लावून शॉर्टवेव्हवर बीबीसी हिंदी पकडायचे. खरखर वाढली की ट्रान्झिस्टर खिडकीशी न्यायचे, एरियल वळवत कान अगदी जाळीला लावायचे. सकाळी पेपरही नीट वाचायचे. एकाच ठिकाणचं ऐकून मत बनवायचं नाही, ही सवय मला त्यांनीच लावली. शॉर्टवेव्हवरची ती हिंदी सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

सध्या मी बीबीसी रेडिओ ४ वरचा ‘इन अवर टाइम’ ऐकते. १९९८ पासून चालू आहे. जुने भाग नेटवर मिळतात. एक विषय, बहुधा तीन अभ्यासक, पाऊण तास. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात. ‘याचा पुरावा नाही’ असं कुणी म्हणालं की चर्चा तिथूनच रंगते. तू सम्राट अशोकावरच्या भागापासून सुरुवात कर. तो ऐकून मी शिलालेखांवर वाचायला घेतलं. कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप अशोकाने तेराव्या लेखात कोरून घेतला, पण खुद्द कलिंगात, धौलीला, तो लेख गाळलाय! यावरून जेवताना माझी आणि बाबांची चांगलीच जुंपली. बाबांचं म्हणणं, पराभूत लोकांपुढे राजाला कमीपणा नको होता. मला वाटतं, ताज्या जखमेवर त्या लाखभर मृतांचा आकडा कोरायला तो धजावला नसेल.

तुला काय वाटतं? रविवारी निवांत फोन कर, बाबाही घरी आहेत.

तुझी,
आई