तुझ्या पॉलीहाऊसला हात लावला

पेंटर,

आठ महिने झाले, फोन नाही की काय नाही, एकदा मनसोक्त शिव्या घालून घे. इकडं सगळे बरे, आईचा गुडघा तेवढा कुरकुरतोय.

तर कांड असं झालंय की मामाच्या पॉलीहाऊसचं तुझं ते वॉटरकलर मी हॉलमध्ये लावलं, बरोबर खिडकीसमोर, दुपारी तीनपासून ऊन थेट त्याच्यावर. तू तेव्हाच बोंबलला होतास, क्रिमसन लाल उन्हानं उडतंय म्हणून, आणि मी म्हटलं, उन्हाचंच चित्र हाय लेका, त्याला उन्हाचं काय वावडं! उडालं. जरबेराची लाल फुलं आता चहा सांडल्यासारखी दिसतात, आणि त्या स्वस्तातल्या सॅप ग्रीनमधला पिवळा गेल्यामुळं झाडं सगळी निळी पडल्यात. पॉलीहाऊसवरचा तो 200 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद (मामा येईल त्याला मायक्रॉन सांगायचा, आठवतंय?) आणि त्यातनं गाळून आलेलं दुधाळ ऊन तेवढं शाबूत. तिथं तू रंगच लावला नव्हतास.

एवढंच असतं तर फोनवर सांगितलं असतं. पण रविवारी मी फ्रेम उघडून पोरीची रंगपेटी घेऊन बसलो. एकच फूल नीट करायचं म्हणून. ते जरा भडक झालं, मग जोडीला शेजारचं केलं, मग पाणी ओघळलं ते नेमकं उन्हात, आणि ते झाकायला मी पांढरा लावला. पोस्टर कलरचा. कोल्हापुरात टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये चित्रकार आबालाल रहिमानच्या चित्रापुढं आपली ह्याच्यावरनंच जुंपली होती, आणि रंकाळ्यापर्यंत तू एकच घोकत होतास, पांढरा म्हणजे कोरा कागद, पांढरा म्हणजे कोरा कागद. भेळेचे पैसे मी दिले तरी बोलला नाहीस.

आता तिथं चुन्याचं बोट पुसल्यासारखं दिसतंय.

त्यात काल मामा आला. 2019 च्या पुरात पॉलीहाऊस गेलं, तिथं आता ऊस, त्यामुळं आला की आधी चित्राजवळ जाऊन वाफे मोजतो. बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "ह्याला कसला रोग पडलाय रे?" मग माझ्या दोन फुलांवर बोट ठेवून, "ही दोन बरी हायत की."

हसू नको.

तुझी बदली झाली म्हणे? घर मिळालं का? पोराची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

तो पांढरा ओल्या ब्रशनं उचलू का? उचलताना खालचं पण सुटून आलं तर? फ्रेम उघडीच आहे, चित्र कपाटात उशीच्या अभ्र्यात ठेवलंय, अंधारात. लवकर कळव.

तुझाच,
पांढऱ्यावाला