माझीच ठेव तारण, तरी कार्ड नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला 'पत कशी उभारावी' हा लेख वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवूनच हे पत्र लिहायला बसले आहे.

लेखक म्हणतात, सिबिल स्कोअर (आपण कर्ज कसं फेडतो यावरून ठरणारा पतीचा आकडा) नसेल तर काळजी करू नका. बँकेत मुदत ठेव ठेवा, तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत वापरा, बिल वेळेवर भरा. ठेव बँकेकडेच असल्यामुळे असं कार्ड 'कोणालाही सहज मिळतं', असं त्यांनी छातीठोकपणे लिहिलं आहे. मला मिळालं नाही. एवढंच सांगायला हे पत्र आहे, पण ते एका ओळीत सांगून होणार नाही.

मी इचलकरंजीत वीस वर्षं शिलाईकाम करते. पहिलं मशीन पतसंस्थेच्या कर्जावर घेतलं, दुसरंही तसंच, घरावर पत्रे घातले तेही तिथूनच. पिग्मीवाले दादा रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला दुकानात येतात, मी गल्ल्यातून पैसे काढून देते, ते मशीनमधून पावती फाडून देतात. या वीस वर्षांत पाच कर्जं घेतली आणि पाचही फेडली. पुरात दुकानात पाणी आलं त्या महिन्यातसुद्धा हप्ता चुकवला नाही. ती सगळी पासबुकं, शिक्क्यांसकट, एका डब्यात ठेवली आहेत.

जुकी कंपनीची दोन शिलाई मशीन घ्यायची म्हणून बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी केली. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "मॅडम, तुमचा सिबिल मायनस वन दाखवतोय." शेजारच्या खुर्चीवर दोन माणसं बसली होती. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं ते मी विसरलेले नाही. मला वाटलं, आपल्या नावावर कोणीतरी कर्ज उचलून बुडवलं. घरी येऊन मुलीनं इंटरनेटवरून माझा सिबिलचा अहवाल काढला (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे तरी तुमच्या लेखात हवं होतं), तेव्हा कळलं की मायनस वन म्हणजे बुडवणारी नव्हे, तर माझी कुठे नोंदच नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, त्या आकड्यांत मी बसतच नाही. मी पासबुकांचा डबा घेऊन पुन्हा बँकेत गेले. साहेबांनी वरचं एक पासबुक उघडून पाहिलं आणि म्हणाले, "काकू, तुमची पतसंस्था सिबिलला माहिती पाठवत नाही. आमच्या दृष्टीनं हे कर्ज झालेलंच नाही."

अहवालात चुकीची नोंद असेल तर ती ३० दिवसांत दुरुस्त करावी लागते, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चांगला नियम आहे. पण जी नोंद कोणी केलीच नाही, तिच्यासाठी मी कोणाकडे दाद मागायची? पतसंस्थेच्या नावातच 'पत' आहे आणि तिथे वीस वर्षं राखलेली पत बँकेच्या दारात चालत नाही, हे मला अजूनही पटलेलं नाही.

आता कार्डाची गोष्ट. त्याच बँकेत मी ३०,००० रुपयांची एक वर्षाची ठेव ठेवली, फक्त कार्डासाठी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दोघांच्या नावावर करा काकू, पुढे सोयीचं पडतं." म्हणून यांचंही नाव घातलं. कार्डाचा अर्ज केला. नवव्या दिवशी मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. मुलीनं वाचून दाखवला: बँकेच्या अंतर्गत धोरणानुसार अर्ज नाकारला आहे. काय चुकलं ते त्यात कुठेच नव्हतं. काउंटरवर विचारलं तर "सिस्टीमनं रिजेक्ट केलंय". सिस्टीमनं का केलं, तर "ते आम्हाला दिसत नाही".

ठेव माझी, मी एक रुपया बुडवला तर ती बँकेच्याच हातात, मग धोका कसला? हे मी तिथे उभी राहून विचारलं. मागे रांग होती. कोणी उत्तर दिलं नाही.

मुलीनं शोधून काढलं की कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच सगळ्यांना सांगितलं आहे. तसा अर्ज दिला आणि पोच घेतली. दरम्यान हंगाम जवळ येत होता, मशीनचं कर्ज अडलेलं. ओळखीच्या एकानं सल्ला दिला की सोनं तारण ठेवून छोटं कर्ज काढ, बँकेचं असल्यामुळे त्याची नोंद होते. म्हणून मी माझ्या पाटल्या घेऊन गेले. लग्नात आईनं घातलेल्या. तिथल्या सराफानं त्या कसोटीच्या दगडावर घासल्या, काट्यावर ठेवल्या, वजन कागदावर लिहिलं, पाकिटात घातल्या आणि लाखेचं सील केलं. ४०,००० रुपयांचं कर्ज, बारा हप्ते. मला त्या पैशांची गरज नव्हती. ते तसेच खात्यात पडून राहिले आणि त्यातूनच हप्ते गेले. व्याज आणि मूल्यांकनाची फी धरून अडीच हजारांच्या वर खर्च येतो आहे. मी हप्ते भरते हे दाखवण्यासाठी नको असलेलं कर्ज काढून, वर हे पैसे मोजते आहे.

कार्डाच्या अर्जाचं लेखी उत्तर पाचव्या आठवड्यात आलं. कारण काय, तर ठेव संयुक्त नावावर आहे, या कार्डासाठी ती एकट्याच्या नावावर लागते.

संपादक महाशय, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच काउंटरवर अर्ध्या तासात दुसरी पावती झाली असती. पाटल्या कपाटातून बाहेर काढाव्या लागल्या नसत्या. नाव घालायला सांगणारा मुलगा त्यांचा, अर्ज घेणारे तेच आणि नाकारणारेही तेच. एकाच इमारतीत बसून एकमेकांना न विचारता त्यांनी माझे पाच आठवडे घालवले.

सोनेतारणाचे सात हप्ते झाल्यावर मुलीनं पुन्हा अहवाल काढला. स्कोअर ७४१. सात हप्त्यांनी हा आकडा येतो आणि वीस वर्षांच्या हप्त्यांनी काहीच येत नाही. हे तुमच्या लेखकांनी एकदा समजावून सांगावं. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ आधीचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितल्याची माहिती ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनंच लोकसभेत दिली. मी त्या बातमीचं कात्रणही बँकेत दाखवलं. साहेबांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं.

लेखात आणखी एक गोष्ट राहिली. ३०,००० च्या ठेवीवर समजा २७,००० ची मर्यादा मिळाली. त्याच्या ३० टक्के म्हणजे आठ हजार. माझं दोऱ्याचं, चेनचं, अस्तराचं एका वेळचं बिल त्याच्या वर जातं. धंदा करणाऱ्या बाईनं हे कार्ड नेमकं कसं वापरायचं? आणि पूर्ण बिलाऐवजी फक्त 'किमान देय रक्कम' भरत राहिलं तर उरलेल्या पैशांवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकतं, हे न लिहिता नवख्या माणसाला कार्ड घ्यायला सांगू नये.

शिवाय त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात 'कागदपत्रांशिवाय पाच मिनिटांत कर्ज' अशी रंगीत जाहिरात आहे. वर पत सांभाळायचा सल्ला आणि खाली हे. आमच्या गल्लीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या मुलानं अशाच एका अॅपवरून सात हजार घेतले होते. आठव्या दिवसापासून त्याच्या मोबाईलमधल्या प्रत्येक नंबरवर शिवीगाळीचे फोन सुरू झाले. मलाही आला, कारण त्याच्या आईचे ब्लाऊज मी शिवते. तो पोरगा महिनाभर घराबाहेर पडला नाही. अशा जाहिराती घेणं बंद करा, ही कळकळीची विनंती आहे. निदान त्या पानावर तरी नको.

माझी ठेव पुढच्या महिन्यात मुदत पुरी करते. ती मी एकटीच्या नावावर करणार आहे आणि कार्डासाठी पुन्हा अर्ज देणार आहे. पाटल्यांचे तीन हप्ते राहिले आहेत. या वेळी नकार आला तर कारण लेखी हातात पडेपर्यंत मी काउंटरसमोरून उठणार नाही.

आपली नियमित वाचक,
इचलकरंजी

(नाव छापू नये. अर्ज त्याच बँकेत द्यायचा आहे.)