नातीशी बोलत राहा

पुणे, रविवार

प्रिय मंजू,

तुझं पत्र आलं आणि हातातली कामं टाकून लिहायला बसले. "आठ महिन्यांच्या पोरीला काय कळतंय, तिच्याशी मराठीत कशाला बोलतेस?" असं मुलगा विचारतो म्हणतेस. अगं, हेच तर वय आहे! त आणि ट तिच्या कानाला आज वेगळे ऐकू येतात. ते कानावर पडलेच नाहीत, तर वर्षाची होईपर्यंत हा फरक पुसट होईल.

हे मी मनचं सांगत नाही. तुमच्या कॅनडातच जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. आवाज बदलला की मान वळवायची, एवढं त्यांना शिकवलेलं. ६ ते ८ महिन्यांची जवळजवळ सगळी बाळं बरोबर वळायची. १०-१२ महिन्यांच्यांत मात्र फार थोडी. हे त्यांनी १९८४ साली छापलं. म्हणून तिला रोज 'ताट' म्हणून दाखव. दोन्ही अक्षरं एकाच शब्दात आहेत बघ!

आणि बडबडगीतांचा टॅब पुढ्यात ठेवून भागणार नाही. सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी १२ वेळा चिनी माणसांना खेळायला, बोलायला बसवलं. त्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता आले. तीच माणसं टीव्हीवर पाहिलेल्या बाळांना काहीच आलं नाही. माणूस समोर हवं, मंजू. तेल लावताना, भरवताना तूच बोल.

आमचा चिनू अडीच वर्षांचा झाला. परवा ओरडत आला, "आजी, मी किल्ला करला!" त्याचा बाबा लगेच, "करला नाही, केला म्हण." मी त्याला थांबवलं. घरात कुणी 'करला' म्हणत नाही, मग पोराने आणलं कुठून? बसला, पडला, पळला ऐकून नियम त्याने स्वतः काढला! मागे हाच 'केला' म्हणायचा, जसा ऐकला तसा. मला तर भरून आलं. मी फक्त म्हटलं, "अरे वा, किल्ला केलास तू?" दिवसभर आईजवळ असतो, म्हणून 'मी जाते' म्हणतो. तेही आपोआप सुटेल.

चिनूचा पहिला शब्द 'काऊ' होता. संध्याकाळी तुमच्याकडचे कावळे झुंडीने शेजारच्या बर्नबी शहराकडे जातात म्हणाली होतीस ना? तिला कडेवर घेऊन खिडकीत उभी राहत जा. आणि पहिला शब्द काय निघाला, ते त्याच दिवशी कळव.

तुझी,
शैला