गाडीचं नाव खरं असावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाड्यांवर लिहून येतं तेव्हा पॉवर, स्पीड, लुक्स सगळं येतं, नावाबद्दल मात्र क्वचितच, म्हणून हे पत्र. स्पोर्ट्स कारचं नाव मला नुसतं लेबल वाटत नाही.

फेरारीची 250 जीटीओ घ्या. 250 म्हणजे एका सिलिंडरचे साधारण सीसी, सिलिंडर बारा, गुणाकार केला की तीन लिटरचं इंजिन बॉनेट न उघडताच कळतं. टेस्टारोसा म्हणजे लाल डोकं, कारण त्या नावाच्या जुन्या रेसिंग गाड्यांच्या इंजिनावरची कव्हरं खरोखरच लाल रंगवलेली असायची, किती सरळ विचार आहे बघा! फेरुचिओ लॅम्बोर्गिनींची रास वृषभ, म्हणून लोगोवर बैल, आणि मिउरा हे नाव झुंजीचे बैल पाळणाऱ्या स्पॅनिश घराण्याचं. मासेरातीने तर वाऱ्यांची नावं घेतली, मिस्त्राल, गिबली, बोरा.

कधीकधी कंपनीचा नाइलाजही होतो. पोर्शने 1963 ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये 901 दाखवली, पण तीन आकडे आणि मधे शून्य ही पद्धत फ्रेंच कंपनी प्युजोची, 1929 च्या 201 पासूनची, फ्रान्समध्ये हक्कही त्यांच्याकडे, त्यांनी हरकत घेतली आणि पोर्शने शून्याच्या जागी एक टाकला, झाली 911. याचं मला काही वाटत नाही, त्यात कुणाची फसवणूक नाही.

खटकतं ते पुढचं. मर्सिडीजच्या सी 63 मधला 63 आला 6.2 लिटरच्या आठ सिलिंडरवाल्या व्ही8 इंजिनामुळे, कंपनी त्याला 6.3 म्हणायची, आणि 2022 ला त्याच नावाखाली दोन लिटरचं चार सिलिंडरवालं इंजिन आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर आली. पोर्श टायकानच्या वरच्या मॉडेलचं नाव टर्बो, अहो टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा, तो फिरतो एक्झॉस्टच्या गॅसवर, आणि ही गाडी पूर्ण इलेक्ट्रिक, एक्झॉस्टच नाही! दोन्ही गाड्या जबरदस्त आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण उद्या एखाद्या पोराला टर्बो म्हणजे काय विचारलं तर तो महागातलं मॉडेल एवढंच सांगेल, आणि चूक त्याची नसेल.

गाडी नवीन असेल तर नावही नवीन शोधा ना. लोटसच्या गाड्यांची नावं बहुतेक इंग्रजी ई अक्षराने सुरू होतात, 1990 च्या दशकात नव्या छोट्या गाडीला नाव हवं होतं तर त्यांनी चेअरमनच्या नातीवरून एलिस ठेवलं, परंपराही राहिली आणि गाडीला स्वतःचं नावही मिळालं.

आपला,
एक नियमित वाचक