खडेबाजारातील दुरुस्तीवाल्या काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या दिवाळीत खानापूर तालुक्यातील आमच्या गल्लीत घरी केलेले जे आकाशकंदील लागले, त्यांचा उजेड तळापासून खांद्यापर्यंत सारखा पडला. त्याचे श्रेय आपले आहे आणि ते चारचौघांत सांगावे, म्हणून हे पत्र बेळगावपर्यंत पोहोचवीत आहे.

कामट्या बांधणे आणि पतंगी कागद चिकटवणे आमच्याकडे पोरासोरांनाही येते. अडचण होती ती उजेडाची. साधा ५ मिमीचा गोल डोक्याचा एलईडी आत लावला की समोरच्या कागदावर झगझगीत ठिपका उमटतो आणि बाजूच्या पाकळ्या काळ्याच राहतात. यावर सगळीकडे एकच सल्ला मिळत असे, तो म्हणजे आणखी चार जोडा. आपण मात्र सणाची गर्दी बाजूला ठेवून एक एलईडी चिमटीत धरलात आणि दाखवलेत की, प्रकाश देणारा कण आत इवलासा असतो, वरचा घुमट भिंगासारखा तो प्रकाश २०-३० अंशांच्या झोतात गोळा करतो. त्यामुळे संख्या वाढवली तर ठिपके वाढतात, उजेड पसरत नाही.

मग तो घुमट आपण कानशीने सपाट केलात, आतल्या केसाहून बारीक तारेच्या बऱ्याच वर थांबलात आणि पॉलिश पेपरवर घासून त्याला दुधी केलेत. झोत तिथेच मोडला. उजेड थेट बाजूंना हवा असेल, तर सपाट डोक्यात शंकूसारखा खळगा पाडावा, हे त्याहून मोलाचे. नेहमीच्या ड्रिलचे टोक ११८ अंशांचे, म्हणजे बोथट असल्याने प्रकाश त्यातून बराचसा वर निसटतो. ९० अंशांच्या काउंटरसिंकने, म्हणजे स्क्रूच्या डोक्यासाठी शंकूसारखा खळगा पाडणाऱ्या टोकाने, केलेल्या उतारावर मात्र तो सुमारे ४२ अंशांची मर्यादा (जिच्यापलीकडे तिरका आदळलेला प्रकाश बाहेर न पडता आतच परावर्तित होतो) ओलांडून आदळतो आणि आडवा वळतो. हा खळगा दुधी न ठेवता चकचकीत ठेवावा, ही आपली सूचना माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे, कारण खरखरीत उतारावर प्रकाश वळण्याऐवजी विखुरतो.

तारांचे काम आपण थोडक्यात उरकलेत, पण तेही तितकेच नेमके होते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन पांढरे एलईडी एकामागोमाग जोडले की साधारण ९.६ व्होल्ट खर्ची पडतात, उरलेल्या २.४ व्होल्टसाठी १५० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा रोधक) घातला की प्रवाह १६ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. अशा तीन-तीन एलईडींच्या प्रत्येक माळेला स्वतंत्र रेझिस्टर दिल्यामुळे एक माळ तेजस्वी आणि दुसरी मंद, असे कुठेही झाले नाही.

विकत घेतले रेझिस्टर आणि मिळाली ही सगळी विद्या, याची जाणीव मला आहे. पुढच्या खेपेला गल्लीतल्या मुलांना सोबत आणतो. तो खळगा पाडताना त्यांना आपला हात पाहायचा आहे.

आपला कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक कंदील करणारा