वहिनींची मासळी बंद करू नकोस

कोल्हापूर

प्रिय सुभाष,

वहिनींना दिवस गेलेत हे वाचून घरात सगळे हरखलेत. आईनं तर आत्ताच ओटीभरणाचा विषय काढलाय. पण ‘माशांत धातू असतात’ म्हणून तू मासळीच बंद केलीस, हे मला पटलं नाही.

अरे, धातू असणारच. रविवारी खेकडे आणलेस की नीट बघ, नांगी मोडली की पाण्यासारखं रक्त येतं आणि हवा लागल्यावर निळसर पडतं. आपल्या रक्तात लोहाचं जे काम, ते तिथं तांबं करतं. खेकड्याला ते हवंच असतं. कालवं दिवसभर कल्ल्यांतून पाणी गाळत बसतात, त्यातून जस्त, तांबं आणि नको असलेलं कॅडमियम हा विषारी धातूही आत येतो. पेशीत मेटॅलोथायोनिन नावाचं गंधकयुक्त छोटं प्रथिन ते पकडून ठेवतं, म्हणून कालवाला बाधत नाही, पण ते त्याच्या अंगात साठून राहतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. म्हणूनच कारखान्यांजवळच्या खाडीतली कालवं टाळावीत. कॅडमियम जास्त करून खेकड्याच्या पाठीतल्या तपकिरी गरात आणि माकुलाच्या आतड्या-काळजात साठतं. ते काढून टाकलं की बरंचसं गेलं.

पाऱ्याचं मात्र तसं नाही. चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा करतात. तो प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, शिरतो, तिथून तारलीत, तारलीतून मोठ्या माशात. प्रत्येक पायरीला वाढत जातो, कारण बाहेर पडतो फार हळू. बसतो थेट मांसातल्या प्रथिनांत, त्यामुळं धुऊन, तळून, कोकम घालून जात नाही. जपानातल्या मिनामाताला असा पारा असलेली मासळी खाऊन होणारा आजार १९५६ साली उघडकीस आला. तिथल्या कित्येक आया वरून धडधाकट दिसत होत्या, आणि पोटातली पोरं मेंदूला इजा होऊन जन्मली. हे वाचणं मला सोसत नाही, तरी तुला मुद्दाम लिहितोय.

तेव्हा मुशी नको, मोठी जून सुरमईही नको. तारली, बांगडा, मांदेली खुशाल आण. आयुष्य कमी, त्यामुळं पारा कमी; आणि तारलीतलं तेल बाळाच्या मेंदूला हवंच. आंबा घाटातून ताजी मासळी आपल्याकडं येते, आणि वहिनी रत्नागिरीच्या. त्यांच्या ताटातून ती काढून घेऊ नकोस. एवढी यादी त्यांच्या डॉक्टरांना दाखव आणि काय म्हणतात ते मला लगेच कळव.

तुझा,
विलास