आधी पडवी मोकळी करा, रंगाचं मग बघू

मोका, मॉरिशस
२६ ऑक्टोबर

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

पाहुण्यांसाठीच्या दोन खोल्या बेटावरच्या घरासारख्या करायच्या आहेत आणि पेंटर भिंतीवर माड काढून वर फिरोजी रंग मारायचं म्हणतोय, हे कळलं. त्याला जरा थांबवा. इथल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या, नाहीतर सायीच्या रंगाच्या. निळा-हिरवा रंग असतो तो झडपांना, तांबडा किंवा निळा छपराच्या पत्र्याला. घराला बेटाचा तोंडवळा येतो तो सावलीमुळे. इथे मोक्यातच ‘युरेका’ नावाचं १८३० सालचं लाकडी घर आहे. त्याला १०९ दारं-खिडक्या आणि पुढे चांगली ऐसपैस पडवी. पडवीला इथे ‘वारांग’ म्हणतात. तुमची पडवी आयतीच आहे, पण प्लास्टिकच्या पडद्यांनी कोंडली आहे. ती मोकळी केलीत की अर्धं काम झालं.

दिशा मात्र इथली उचलू नका. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे थंडीत दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं, आपल्याकडे दक्षिणेकडून. इथला नेहमीचा वारा आग्नेयेचा, आपला पाऊस नैऋत्येचा. तेव्हा छप्पर वाढवायचं असेल तर दक्षिण-पश्चिमेला वाढवा, आणि तिरप्या पट्ट्यांच्या झडपाही आधी त्याच अंगाला बसवा.

वहिनी, तुम्ही फोटोत पाहिलेली वळचणीची नक्षीदार झालर म्हणजे ‘लांब्रकँ’. ती नुसती शोभा नाही. झालरीचं प्रत्येक टोक खाली निमुळतं असतं, पाणी तिथून थेंबाथेंबाने सुटतं आणि भिंतीकडे मागे येत नाही. आपल्या पागोळ्यांना वाट दाखवायची, एवढंच. म्हणून टोकं गोल किंवा सपाट कापून घेऊ नका. फळी ६-७ इंच रुंद आणि पाऊण इंच जाड असावी, जुन्या सागाची मिळाली तर उत्तम. दोन फळ्यांमध्ये ३ मिलिमीटर फट ठेवा, पावसात लाकूड फुगतं.

झालर कुजते ती नेहमी टोकाकडून. करवतीने कापलेल्या तोंडाशी लाकडाच्या नळ्या उघड्या पडतात आणि त्या पाणी ओढतात. सुतार आधी फळी ठोकतो, मग पेंटर समोरून ब्रश फिरवतो. मागची बाजू आणि कापलेली कड कोरीच राहते. दोन पावसात रंग तिथूनच सुटतो. त्यामुळे सगळं कापकाम आणि भोकं जमिनीवरच करून घ्या, सहाही बाजूंना प्रायमर द्या, कापलेल्या कडांना दोन हात, आणि मगच फळी वर चढवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३१६ दर्जाचे. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत गंजतो आणि सागावर काळे ओघळ सोडतो. वरून ऑइल पेंटपेक्षा बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रिलिक रंग चांगला, तो लाकडाबरोबर थोडा ताणतो. पश्चिमेच्या झडपांना गडद निळा टाळा. गडद रंग तापतो आणि तडकतो.

आता भिंती. चिऱ्याची भिंत पावसाळाभर पाणी पिऊन बसलेली असते. दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि २४ तासांनी काढा. आतून थेंब दिसले तर रंगकाम डिसेंबरवर ढकला. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट बसला की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, मग फुगे येतात आणि खार फुटून पोपडे सुटतात. माझं मत विचाराल तर चुनाच द्या, त्यातून भिंत श्वास घेते. जुना डिस्टेंपर मात्र पूर्ण खरवडून काढा, त्यावर चुना धरत नाही.

प्रमाण असं: १ किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी. चुना विरताना उकळतो, तेव्हा डोळे सांभाळा आणि प्लास्टिकची बादली वापरू नका. २४ तास मुरू द्या, जाड्या फडक्यातून गाळा, लिटरमागे ४ ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. भिंतीवर पाण्याचा हात मारून दुधासारखे पातळ तीन हात द्या, रोज एकच. घाईने जाड दिला की बोटाला लागतो.

निळसर झाक हवी तर पुडीतली नीळ चालते, किलोमागे ३ ग्रॅमपर्यंत. बाटलीतली नको. प्रशियन निळा तर मुळीच नको, चुन्यात तो तपकिरी पडतो. पिवडी आणि गेरू बिनधास्त वापरा. ओला चुना वाळल्यावर खूप फिका होतो, म्हणून आधी हातभर जागेवर लावून दोन दिवस थांबा आणि मगच रंग ठरवा.

सामान कमी ठेवा. इथे ‘वाकोआ’च्या पातींच्या टोपल्या विणतात, पूर्वी साखरेची पोतीसुद्धा याच पातींची होती. झाड आपल्या केवड्याच्या कुळातलं. काटेरी कडा आणि मधली शीर काढायची, पात उन्हात वाळवायची, मग पट्ट्या पाडायच्या. अशा दोन टोपल्या टांगल्या तरी पुरे, पण जूनच्या आधी उतरवून कोरड्या जागी ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.

दादा, वळचणीची लांबी आणि वाशांमधलं अंतर टेपने मोजून कळवा. झालरीचा नमुना खऱ्या मापाचा काढून पाठवतो, सुताराने तो फळीवर ठेवून गिरवायचा.

आईला साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू